चाकाखालचं लिंबू

गाडी उताराला लागली तेव्हा माझी सासू आत स्टिअरिंग धरून बसली होती. इंजिन बंद होतं, ब्रेक बसवलेले नव्हते आणि उताराच्या टोकाला आमची कोरडी विहीर होती. विहिरीला कठडा नव्हता.

आधी सासूला वाटलं, पूजा झाली, आता लेक गाडी ढकलतोय. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. गाडी गोठ्याच्या पुढं गेली, मागं कुणाचाच आवाज नाही, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिनं स्टिअरिंग कासऱ्यासारखं दोन्ही हातांनी छातीकडं ओढलं आणि ओरडली, "हो! हो! हो रं!" बैल थांबवतात तशी. गाडी कशाला थांबते.

माझे मालक नारळ हातात घेऊन उभे होते. नारळ टाकून ते धावले. मी आरतीचं ताट धरलं होतं. धाकटी जाऊ चाकापाशी वाकलेली होती, ती मागं बुडावर पडली. तिच्या हातात दगड होता. तो कुठला दगड, हे मला तिच्याकडं बघितल्याबरोबर कळलं.

ही गाडी आमच्या दारात आली कशी, ते आधी सांगते. आमचं गाव चौसाळ्याच्या पलीकडं, माळावर. तिथं विलायती गाडीचं काय काम, असं कुणालाही वाटेल.

आमच्या भागातला साखर कारखाना सहकारी. त्याच्या पहिल्या चेअरमननी ती गाडी हैदराबादेतून आणली होती. दोन माणसांची, वर कापडी टप, सायकलसारखी तारांची चाकं, लांबलचक नाक. कारखाना उभा राहायच्या आधी ते या गाडीतून गावोगाव शेअर गोळा करत फिरायचे. लोक म्हणत, शेअरला कमी आणि गाडी बघायला जास्त माणसं जमायची. म्हातारपणी त्यांनी ती कारखान्यालाच देऊन टाकली. कारखान्यानं ती शेडमागं लावली आणि विसरून गेला. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, एक कुत्री व्याली. टप उंदरांनी खाल्ला.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ पाऊस नाही. ऊस उभा जळाला, उरलेला जनावरांच्या छावणीत गेला. कारखान्याचं धुराडं थंड झालं आणि भोंगा बंद झाला. आमच्याकडं बायका भोंग्यावर भाकरी थापायच्या, पोरं भोंग्यावर शाळेत जायची. भोंगा बंद झाल्यावर कितीतरी दिवस गावात कोण केव्हाही जेवत होतं.

मालक कारखान्यात फिटर होते. ते घरी बसले. फिटर घरी बसला की घरातलं काहीच जागेवर राहत नाही. त्यांनी दाराच्या बिजागऱ्या काढून परत बसवल्या. माझ्या कढईचे कान काढून परत बसवले. चांगल्या चालणाऱ्या घड्याळाला हात लावला, ते मात्र परत बसलं नाही. मी म्हटलं, "आता मला खोलू नका." ते हसले नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली. त्यांना दारूचा नाद नव्हता, पण रिकामा माणूस भिंतीकडं बघत बसतो, ते मला दारूपेक्षा वाईट वाटायचं.

कारखान्याच्या सभेत नव्या चेअरमननी जुनं लोखंड भंगारात काढायचा विषय घेतला. त्यात ही गाडी होती. एका सभासदानं सांगितलं की औरंगाबादेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं अशा गाडीला मान आहे. चेअरमन म्हणाले, "चालू झाली तर नेऊ, न्हाई झाली तर भंगार. कोन करतंय चालू?" आमच्या मालकांनी हात वर केला. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधलेली गाडी दारात आली, तेव्हा मला कळलं.

गाडी कारखान्याची, म्हणजे सभासदांची. गावात ज्याचा त्याचा शेअर. येणारा जाणारा टायरला लाथ मारायचा.

"माझा बी शेअर हाय हिच्यात."

"तुझ्या शेअरमंदी एक खिळा येतोय, तेवढा घेऊन जा," मालक म्हणायचे.

"कुठला खिळा?"

"गंजलेला."

असं बोलायला लागले तेव्हा मी जाणलं की माणूस बरा होतोय.

त्या गाडीचे नट आपल्या पान्यांना बसत नाहीत. विलायतेतलं माप वेगळं. मालक हताश झाले होते. मग त्यांना आठवलं, कारखाना सुरू करताना जुनं विलायती मशीन घेतलं होतं, त्याचे पाने स्टोअरमध्ये कुठं तरी असतील. होते. तेलात ठेवलेले, जसेच्या तसे. ते पाने घरी आले त्या दिवशी मालक दोन भाकरी जास्त जेवले.

माझ्याकडं पुसायचं काम होतं. पाण्यानं धुवायचा प्रश्नच नव्हता. टँकर यायचा तेव्हा बायका मला ऐकवायच्या, "बघून घ्या गं, हिच्या घागरीतलं पानी गाडी पिती." मी म्हणायची, "पिती, तुमच्या म्हशीपेक्षा कमी पिती." खरं म्हणजे तिला एक थेंब दिला नाही. रॉकेलच्या चिंधीनं पुसली, दिव्यांच्या वाट्या राखेनं आणि चिंचेच्या कोळानं घासल्या. इंजिन चालू करायची वेळ आली तेव्हा मात्र तिला पाणी लागलंच. सासू म्हणाली, "माझ्या आंघुळीचं वता. मला कोन हुंगतंय?" त्या आठवड्यात तिनं आंघोळ केली नाही. ती गोष्ट ती पुढं सगळ्यांना सांगायची.

आमची सासू तशी बोलायला फटकळ. मलाही तिच्यामुळंच लागली ती सवय.

खरा पेच पडला लाकडाचा. त्या गाडीचं अंग वरून पत्र्याचं, पण आतला सांगाडा लाकडाचा असतो, ते आम्हाला पत्रा काढल्यावर कळलं. सगळं वाळवीनं खाल्लेलं. सुतार म्हणाला, जुनं मुरलेलं लाकूड पाहिजे, नवं ओलं लाकूड वाकतं. असं लाकूड दारातच उभं होतं. आमची बैलगाडी. सासऱ्यांनी करून घेतलेली, घट्ट बाभळीची. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक बैल विकला होता, दुसरा छावणीत होता. गाडी नुसती उभी.

मालकांनी भीत भीत आईपाशी विषय काढला.

"बैल गेले, आता गाडी बी मोडा," सासू म्हणाली. "माझं एखादं हाड लागतंय का ते बी बघा."

"माय, पडूनच हाय की ती."

"मी बी पडूनच हाय."

मालक उठून गेले. मी मध्ये पडले नाही. मायलेकांच्या भांडणात सून पडली की दोघं एक होतात.

दुसऱ्या दिवशी सासू आपणहून बाहेर आली, बैलगाडीच्या साट्यावरून, बसायच्या लाकडी चौकटीवरून, हात फिरवला आणि म्हणाली, "घे. पर चालू झाल्यावर पयली मी बसनार. माझ्या मालकाची गाडी हाय ती." मालकांनी कबूल केलं. सुतारानं साटा सोडवला आणि त्याच बाभळीचा सांगाडा विलायती पत्र्याखाली गेला.

हळूहळू गाडी उभी राहिली. तिच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर होते. दोन्हींनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर ती खोकते. मालक रबराच्या नळीचं एक टोक कानात घालायचे, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि ऐकत बसायचे. आधी एकाचं, मग दुसऱ्याचं. गल्लीतली माणसं म्हणायची, डॉक्टर आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी इंजिन चालू झालं. आवाज एवढा की शेजारची शेळी दावं तोडून गेली. मालकांनी ते जरा वेळ चालू ठेवलं, बंद केलं आणि ओट्यावर येऊन बसले. मी चहा दिला.

राहिले होते ब्रेक. त्याचे रबर पुण्याहून यायचे होते. हातानं ओढायच्या ब्रेकची तारही त्याच पार्सलात होती. गादीही एकच बसली होती, स्टिअरिंगमागची. मांजरसुंब्याला ट्रकच्या गाद्या शिवणारा होता, त्यानं दुसरी दसऱ्यानंतर देतो म्हणून सांगितलं होतं. पण खंडेनवमीला हत्यार पूजायचंच असतं. पाने, पक्कड, विळा, पहार, शिलाई मशीन, ज्याचं जे असेल ते. गाडी अर्धी असली म्हणून तिला पूजेतून वगळता येत नाही. मालकांनी आणि गल्लीतल्या चौघांनी मिळून ती आमच्या दारच्या शेडमधून ढकलत अंगणात आणली. गियर काढलेलाच होता. तोंड विहिरीकडं झालं, कारण शेडचं दार तसं आहे. पुढच्या दोन्ही चाकांपुढं मालकांनी मोठे दगड लावले, दाबून बघितलं, हलत नव्हती.

मग सासूनं नवं लुगडं नेसलं आणि येऊन गाडीत बसली.

तिथं आमची एक चुलत सासू आली होती. ती मोठ्यानं कुजबुजली, "मालक न्हाई त्या बाईनं नव्या गाडीत पयलं बसू न्हाई. अपशकून हुतो."

सासूला कमी ऐकू यायचं, पण असलं बरोबर ऐकू यायचं. "मी सभासद हाय," ती आतून म्हणाली. "शेअर माझ्या नावावर हाय. तुझ्या मालकानं घेतलाय का शेअर? घेतला असंल तर त्याला बसीव."

चुलत सासूच्या मालकानं शेअर घेतलेला नव्हता. ती मागं सरकली.

मी गाडीला हळद-कुंकू लावलं. मालकांनी हार घातला. राहिलं लिंबू. नव्या वाहनाच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ते चिरडून वाहन पुढं न्यायचं, ही आमच्याकडची रीत. दुष्काळात लिंबं कुठली? झाडं वाळलेली. चौसाळ्याच्या बाजारात मला दोन मिळाली, गोटीएवढी, कडक. मी ती जावेच्या हातात दिली. गाडी पुढं जाते म्हणून तिनं पुढची चाकं धरली. तिथं दगड होते.

लिंबू चाकाखाली ठेवायचं असतं. चाकाखाली दगड होता. तिनं एक दगड काढून लिंबू ठेवलं. गाडी हलली नाही, दुसरा दगड धरून होता. म्हणून तिनं दुसरं लिंबू ठेवून तोही काढला. मला तिला आजही बोल लावता येत नाही. रीत लिंबाची होती, दगडाचं कुणी तिला सांगितलं नव्हतं. मालक नारळ सोलत होते, मी ताटातली वात नीट करत होते.

लिंबं दोन्ही चिरडली. तेवढं शास्त्राप्रमाणं झालं.

गाडी हलकी होती आणि उतार सरळ. गाडीच्या मागं लावलेलं जादा चाक मालकांनी दोन्ही हातांनी धरलं, पण थांबवता आलं नाही. ते पडले, तरी चाक सोडलं नाही, गुडघ्यांवर फरफटत गेले. त्यांचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. ते ओरडत होते, "रेडिएटर! रेडिएटर!"

मी ताट टाकलं आणि पळाले. पण पळून काय उपयोग, हे पळतानाच कळत होतं. विहीर मोठी, खाली खडक. पाणी असतं तर निदान पाणी होतं. आत माणसं असतात, हे मला त्याच वेळी आठवलं. दुष्काळात सगळ्यांनी विहिरी खोल करायला घेतल्या होत्या, आमच्याही विहिरीत रोज चारजण सुरुंगाचे दगड फोडत असायचे. मी ओरडले, "खाली कोन हाय का?" उत्तर आलं नाही. कुठून येणार? त्या दिवशी त्यांच्याही पहारी-घण पूजेत होते. खंडेनवमीला हत्यार उचलत नाहीत. ते वर कडुलिंबाखाली आपल्या पहारींना हळद लावत बसले होते, आणि आता उभे राहून आमच्याकडं बघत होते.

विहिरीतून काढलेला मुरूम आणि दगड त्यांनी काठाभोवती टाकलेला होता. चोहोबाजूंनी नव्हे. एका अंगाला ढीग होता, एक अंग मोकळं होतं. गाडी मोकळ्या अंगाकडं निघाली होती. मग ती जराशी वळली आणि ढिगात घुसली. पुढची चाकं ढिगावर चढली, नाक आभाळाकडं झालं आणि ती थांबली. मुरूम घसरत होता, दोन-तीन दगड पलीकडं विहिरीत गेले. ते खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

गाडी मागं घसरायला लागली. मागं मालक पालथे पडलेले. तेव्हा मात्र सगळ्या गावाला दगड सुचले. विहिरीवरच्या माणसांनी, शेजाऱ्यांनी, पोरांनी, जावेनंसुद्धा, जो तो दगड घेऊन आला आणि मागच्या चाकांना लावला. एवढे दगड लागले की नंतर ते काढायला वेळ लागला.

सासू आत आडवी झाली होती, आभाळाकडं तोंड करून. हात स्टिअरिंगवरच. मी वाकून बघितलं. डोळे उघडे होते. त्या क्षणी मला वाटलं, गेली.

मग ती म्हणाली, "आधी ह्या गाडीला खाली बसवा, मग मी उतरते."

आम्ही तिला तशीच उचलून काढली. ओट्यावर आणली. पाणी दिलं.

"लागलं का, आत्याबाई?"

"एक दात हालला. त्यो आदीच हालत हुता."

मालकांच्या दोन्ही गुडघ्यांची साल गेली होती, पँट फाटली होती. ते आईच्या पायापाशी बसले आणि तिचे पाय दाबून बघू लागले, हाड मोडलं का म्हणून.

"तू काय वरडत हुतास रं?" सासूनं विचारलं.

मालक तिचे पाय दाबतच राहिले.

"माय विहिरीत चालली अन् लेक रेडिएटर म्हनतंय," ती सगळ्यांना म्हणाली. "पाच लेकरं झाली मला, एकानं बी असं नाव ठिवलं न्हवतं."

आधी विहिरीवरची माणसं हसली, मग आम्ही सगळे. जाऊ हसता हसता रडायला लागली. "अक्का, दगड म्या काढला," एवढंच म्हणत राहिली.

चुलत सासू अजून तिथंच होती. ती म्हणाली, "तरी म्या आदी सांगितलं हुतं."

मी म्हटलं, "दगड काढला म्हणून गाडी पळाली. तुमी बसला असता तरी पळाली असती. आन तुमी एवढ्या हलक्या न्हाईत, थांबली नसती." ती त्यानंतर वर्षभर आमच्याकडं आली नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

गाडी वळली कशी, यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला. सासूचं म्हणणं, तिनं उजवा कासरा ओढला. मालकांचं म्हणणं, तिथं जमीनच तशी आहे, चाक आपोआप वळतं. त्यांनी मोडलेल्या बैलगाडीचं चाक दोनदा उतारावर सोडून बघितलं. एकदा वळलं, एकदा नाही. मला विचाराल तर मला माहीत नाही.

गाडीचं नाक चेपलं, एक दिवा फुटला, रेडिएटर वाकला. पण पत्रा काढून बघितलं तर आतलं लाकूड कुठंच चिरलेलं नव्हतं. चेपलेलं मालकांनी ठोकून सरळ केलं. पार्सल आल्यावर पहिल्यांदा ब्रेक बसवले, मग बाकीचं.

दिवाळीनंतर कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर चढवून गाडी औरंगाबादला नेली. चेअरमन म्हणाले, "आजीबाईंना राहू द्या घरी, लोक उगंच काही बोलतात." तोवर आजीबाई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या होत्या.

प्रदर्शन एका मोठ्या हिरवळीवर होतं. हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू होते. सासू खाली उतरली, चपला काढल्या आणि त्या ओल्या गवतात उभी राहिली.

"हितं पानी कावून सांडलंय?" तिनं मला विचारलं.

"शोभेला."

"आसं," ती म्हणाली, आणि तिथून हलली नाही.

आमच्या शेजारच्या गाड्यांचे ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून होते. आमच्या मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाहीला तेलाचा डाग होता तो मी झाकायला सांगितला, त्यांनी झाकला नाही. परीक्षक आले. त्यातल्या एकानं दार उघडून लाकूड बघितलं आणि म्हणाला, "हे मूळचं नाही."

"नाही," मालक म्हणाले.

"मूळचंच हाय," सासू गवतातून म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं लावलेली बाभूळ हाय ती."

तो भला माणूस हसला. "आजी, किती जुनी?"

"मी का गाडी?"

बक्षीस मिळालं नाही. लाकडाचे गुण कापले असतील. पण मालकांनी इंजिन चालू केलं तेव्हा इतर गाड्या सोडून लोक आमच्याकडं आले. चेअरमन त्या गर्दीत सगळ्यांना सांगत होते की ही आमच्या कारखान्याची गाडी. त्यानंतर भंगाराचा विषय कुणी काढला नाही. पाऊस झाला, ऊस उभा राहिला, भोंगा वाजला. मालक कामावर गेले. माझ्या कढईला पुन्हा कुणी हात लावला नाही. गाडी कारखान्याच्या फाटकाशी शेड करून ठेवली आहे. चाकांपुढं दगड लावलेले आहेत आणि शेडला कुलूप आहे. खंडेनवमीला पूजा होते, लिंबू बॉनेटवर ठेवतात.

त्या दिवशी विहिरीवरचे चौघं वर होते म्हणून खाली पडलेल्या दगडांतून वाचले. मालकांच्या गुडघ्यांवर शेवटपर्यंत वण होते, पण चालायला ते ठणठणीत होते. आणि सासू जगली. पुढचा दुष्काळही तिनं बघितला, आणि तो हालणारा दात तिच्या तोंडात शेवटपर्यंत होता.